अडकण्याची नोकरी

मला कळत नाही, याचा मला पगार मिळतो. हे वाक्य मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितले आहे, आणि ज्यांना सांगितले त्यांपैकी प्रत्येकाने विचारले आहे, "काय कळत नाही?" मी म्हणतो, "जे समोर येईल ते." मग ते विषय बदलतात. आईने या बाबतीत माझ्यापेक्षा बरा मार्ग काढला आहे. ती फोनवर नातेवाइकांना सांगते, "पुस्तकांच्या कंपनीत आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करते.

आमची प्रकाशनसंस्था लहान आहे. ज्यांची शाळा काही कारणाने अर्ध्यावर सुटली, अशा मोठ्या माणसांसाठी आम्ही गणिताची पुस्तके काढतो. घरच्या घरी, कोणाच्या मदतीशिवाय शिकण्याची. अशा पुस्तकाची अडचण अशी की वाचणाऱ्याच्या शेजारी कोणी बसलेले नसते. तो अडला की अडला. एक-दोनदा तो तीच ओळ पुन्हा वाचतो, मग पुस्तक मिटतो, आणि ते मिटलेले पुस्तक हळूहळू कपाटावरच्या बॅगांच्या शेजारी जाऊन बसते. म्हणून वाचणारा कुठे अडेल हे आमच्या पुस्तकाला आधीच ठाऊक असावे लागते, आणि नेमक्या त्या जागी, समासातल्या चौकटीत, खांद्यावर हात ठेवावा तशा दोन ओळी असाव्या लागतात. ती जागा सापडावी म्हणून मला ठेवले आहे.

काम असे चालते. इमारतीच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली आहे. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची, आणि समोर कोरी भिंत. मी खुर्चीवर बसतो, नव्या धड्याचे कच्चे पान उघडतो आणि मोठ्याने विचार करत उदाहरण सोडवू लागतो. माझ्या पाठीमागे धड्याचा लेखक बसतो. त्याने बोलायचे नाही, खाकरायचे नाही, सुस्कारा टाकायचा नाही. मी जिथे थांबेन तिथे त्याने आपल्या प्रतीवर खूण करायची, एवढेच.

खरे तर मी इथे मुद्रिते तपासण्याच्या जागेसाठी आलो होतो. संपादकबाईंनी सहज म्हणून एक उदाहरण पुढे सरकवले. मी त्याच्या दुसऱ्या ओळीत असा काही रुतलो, की बाईंचा चहा निवला तरी त्यांनी कपाकडे पाहिले नाही. न कळणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. पण ती माणसे गडबडतात, अंदाजपंचे उत्तर ठोकून देतात, किंवा समजल्यासारखी मान हलवतात. मी नुसता थांबलो. "इतकं स्वच्छ अडकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. माझ्या आयुष्यात माझे जे काय कौतुक झाले, ते एवढेच. शाळेत ज्या गोष्टीसाठी मला बाकावर उभे केले जाई, तिच्यासाठी इथे मला बसायला खुर्ची मिळाली. लवकरच कचेरीने मला 'ठप्प' हे नाव दिले, आणि मी ते एखाद्या पदवीसारखे स्वीकारले.

बहुतेक धडे मास्तर लिहितात. मास्तर निवृत्त शिक्षक. गणितावर त्यांचे इतके प्रेम, की कोणाला ते आवडत नाही असे कळले तर त्यांचा चेहरा सोयरिकीला नकार आलेल्या बापासारखा होतो. माझ्या पाठीमागे गप्प बसणे ही त्यांच्या लेखी शिक्षाच होती. मी थांबलो की त्यांची खुर्ची कुरकुरू लागे. उत्तर त्यांच्या घशापर्यंत आलेले असे आणि ते तिथेच धरून ठेवताना त्यांना जो त्रास होई, तो मला मानेवर ऊन पडावे तसा जाणवे. मला त्यांची कीव येई, त्यांना माझी. आमचे संबंध फार चांगले होते.

संकट आले ते अगदी बिनबोभाट. त्या सकाळी मास्तरांनी काळ-काम-वेगाचा नवा धडा आणला होता. मी पहिले उदाहरण वाचले. एक रंगारी एक भिंत सहा तासांत रंगवतो, दुसरा तीच भिंत तीन तासांत रंगवतो. दोघांनी मिळून रंगवली तर किती तास लागतील? "संपूर्ण काम एक धरू," मी म्हणालो. "पहिला तासाला एक षष्ठांश, दुसरा एक तृतीयांश, दोघे मिळून अर्धे. दोन तास." आणि पान उलटले. मग दुसरे उदाहरण, मग तिसरे. धडा संपला तेव्हा खोलीत इतकी शांतता होती, की मला वाटले मास्तर गेले. वळून पाहिले तर त्यांचे डोळे पाणावले होते.

"एकदाही नाही!" ते म्हणाले. "ठप्प, अरे एकदाही थांबला नाहीस तू! हा माझा सगळ्यात सोपा उतरलेला धडा." आणि प्रत हातात उंच धरून ते बाईंच्या खोलीकडे जवळजवळ पळत गेले.

मी मात्र जागेवरच बसून राहिलो. धडा सोपा नव्हता. इतक्या दिवसांत मी गणित शिकलो होतो असेही ठामपणे म्हणवत नाही. मी मास्तर शिकलो होतो. त्यांच्या उदाहरणातला पहिला माणूस नेहमी रेंगाळणारा, दुसरा नेहमी झपाट्याचा. जो आकडा ते वाक्याच्या शेवटी, जणू जाता जाता सांगतात, तोच कळीचा. घरातल्या माणसाची पावले जिन्यावर ऐकून आज त्याचा मूड काय आहे हे जसे कळते, तसे मला त्यांच्या पहिल्या चार शब्दांवरून उत्तराचा रस्ता दिसू लागला होता. एखादे कुलूप रोज उघडता उघडता बोटांनाच पाठ व्हावे, आणि मग कोणी विचारले की किल्ली कोणत्या बाजूला फिरवतोस, तर हवेत हात फिरवून पाहावा लागावा, अशी माझी गत झाली होती.

बाईंनी मला बोलावले. "तुम्हाला कळायला लागलंय का?" त्यांनी विचारले. डॉक्टर ज्या आवाजात 'भूक लागते का' असे विचारतात, तो आवाज होता.

"नाही, नाही," मी घाईने म्हणालो. "आज जरा... झोप चांगली झाली होती."

"मग उद्या पुन्हा बसू. कमी झोपा."

दुसऱ्या दिवशी मी जे केले ते लिहिताना आजही माझे कान तापतात. मी अडकल्याचे सोंग केले. उत्तर समोर स्वच्छ दिसत असताना मी कपाळाला आठ्या घातल्या, पेन्सिल चावली, "हं... थांबा हं..." असे पुटपुटलो. पण अडकायचे कुठे? हे ठरवणे सोडवण्यापेक्षा फार अवघड निघाले. शेवटी मास्तरांची खुर्ची कुरकुरली की मी थांबू लागलो. वाटले, जिथे त्यांना भीती वाटते तिथेच अडकलेले बरे. मास्तर बिचारे खुणा करत सुटले. जिथल्या बेरजा वाचणारा हसत हसत करील, तिथे त्यांनी लांबलचक चौकटी लिहिल्या. एका जागी तर तीन आणि सहा यांतला मोठा आकडा कोणता, हेही समजावून सांगितले.

संध्याकाळी बाईंनी ते पान माझ्यापुढे ठेवले. दार लावून घेतले होते, त्यावरून मला अंदाज आला.

"खरंच अडकलेल्या माणसाला आजूबाजूचं काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "मी दारात उभी होते. तुम्ही मास्तरांच्या खुर्चीकडे कान लावून बसला होतात."

मी पानावरची तीन-आणि-सहाची चौकट बोटाने झाकली.

"हे बघा, कळायला लागलं यात तुमचा गुन्हा काही नाही. पण आपल्या पुस्तकाचं काय? तुम्ही अडला नाहीत म्हणून जिथे चौकट आली नाही, तिथे कुणीतरी एकटं बसून अडणार. आणि त्याला वाटणार, आपणच मूर्ख." त्यांनी पाने माझ्याकडे सरकवली. "हा धडा घरी न्या. वाचणारा कुठे अडेल ते शोधा आणि तेवढ्याच चौकटी लिहून आणा. शुक्रवारी. जमलं तर बघू. नाही जमलं तर त्या खुर्चीसाठी मला दुसरं माणूस शोधावं लागेल. मला वाईट वाटेल, पण शोधावं लागेल."

घरी जाताना मी माझ्या इतर गुणांची उजळणी केली. ती रस्ता ओलांडण्याच्या आत संपली. चारचौघांत मला बोलता येत नाही, घाई करता येत नाही, कोणाला काही विकता येत नाही. जगात एकच जागा अशी होती जिथे माझ्या मंदपणाची कोणी वाट पाहत असे, आणि ती मी हुशार होऊन घालवली होती. हुशारीने माणसाचे नुकसान होते असे ऐकले होते. पण इतक्या थोड्या हुशारीने इतके होईल याची कल्पना नव्हती.

मी ताईकडे राहतो. ती वीज-मंडळाच्या तक्रार-खिडकीवर बसते. दिवसभर लोक तिच्यासमोर आपापला अंधार घेऊन येतात, आणि त्यामुळे घरी कोणी उगाच चेहरा पाडून बसलेले तिला खपत नाही. दोन संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो धडा उघडून बसलो. कागद कोराच राहिला. न कळणे कसे असते, हे मला आठवेना. जिथे मी इतकी वर्षे राहिलो, त्या अज्ञानाच्या घराकडे परत जावे आणि ती गल्लीच सापडू नये, असे काहीसे होत होते. मी ओळ वाचत असे, आणि ओळ पूर्ण व्हायच्या आत उत्तर पुढे येऊन उभे राही, आगाऊ पाहुण्यासारखे. त्याच्या खांद्यावरून पलीकडचे काही दिसेना. त्या दोन दिवसांत मला खिडकीबाहेरची झाडे, नळाचे ठिबकणे, ताईच्या बांगड्यांचा आवाज, सगळेच फार उदास वाटले. झाडांचा यात काही दोष नव्हता.

"आज तिसरा दिवस," ताई मटार सोलता सोलता म्हणाली. "तुझं तोंड बघून दूध नासेल माझं. काय झालंय?"

मी सांगितले. ती हसेल असे वाटले होते, आणि ती हसलीच.

"म्हणजे तुला अक्कल आली म्हणून काढतायत? आईला सांगू का? तिला आनंद होईल."

"ताई, चेष्टा नको ना."

"बरं, नाही करत. मला विचार. गणितात मी कुठेही अडते. वाच."

मी रंगाऱ्यांचे उदाहरण वाचले. तिने शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले. "सहा आणि तीन. मधलं धर. साडेचार."

"साडेचार नाही."

"का? एकाला सहा, एकाला तीन, दोघं मिळून साडेचार. थांब, थांब. दुसरा एकटाच तीन तासांत करत होता ना? मग पहिला मदतीला आला म्हणून दीड तास वाढला?" तिने आतल्या खोलीकडे पाहिले. "होतं असं. तुझे भाऊजी मदतीला आले की माझं रोज होतं."

"ऐकू येतंय हं मला," आतून भाऊजी म्हणाले. ते सामना बघत होते.

"ऐकण्यासाठीच बोलले!"

"ताई, इकडे बघ. यात काय करायचं, की संपूर्ण काम एक धरायचं."

"एक काय?"

"एक."

"अरे, पण एक काय? एक तास? एक माणूस?"

"नुसतं एक गं. काम म्हणजे एक. मग पहिल्याचं एका तासाचं काम एक षष्ठांश. अगं, सोपं आहे!"

ताईचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर क्षणात काहीतरी मिटले. दुकानाचे फळकूट लावावे तसे. "बरं," ती म्हणाली. "असेल." आणि तिने पुढची शेंग उचलली.

ते 'बरं, असेल' मी ओळखत होतो. सगळ्या शाळाभर मी तेच दोन शब्द बोललो होतो. समोरचा माणूस चांगला असतो, त्याला आपली काळजी असते, तो कळकळीने सांगतो की सोपे आहे. आणि त्याच क्षणी आपल्याला कळते, की हे सोपे असूनही आपल्याला येत नाही. मग आपण त्याला सोडवण्यासाठी 'बरं' म्हणतो आणि स्वतःला सोडवण्यासाठी 'असेल'. तक्रार-खिडकीवर माणसांना वाघिणीसारखी सांभाळणारी माझी बहीण मी एका शब्दात बाकावर उभी केली होती. मास्तर निदान गप्प बसण्याचा प्रयत्न तरी करत. मी तोही केला नव्हता.

मी कागद पालथा घातला आणि तिच्यासोबत शेंगा सोलू लागलो. काही बोललो नाही. न बोलणे मला नेहमी सोपे जाते, पण त्या वेळी नाही. उत्तर जिभेवर बसून होते आणि खाली उतरायला तयार नव्हते. सामन्यातला समालोचक ओरडत होता. पातेल्याखालची आच ताईने दोनदा कमी केली, एकदा वाढवली.

"एक म्हणजे ती भिंतच ना?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "मग भिंत म्हणा की. एक-एक काय लावलंय!"

मी मान डोलावली. तिने सोललेली टरफले बाजूला सारली आणि काही अख्ख्या शेंगा टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मोजल्या; सहा होत्या. "ही भिंत. सहा तासवाला तासाला एवढी रंगवणार." तिने एक शेंग बाजूला ओढली. मग ती पुन्हा अडली. दुसरा रंगारी केवढी रंगवणार? तिने एक शेंग ओढली, परत ठेवली, दोन ओढल्या, माझ्या तोंडाकडे पाहिले. मी तोंड भिंतीकडे फिरवले. "तीन तासांत सगळ्या संपवायच्या त्याला," ती स्वतःशीच बोलली. "म्हणजे तासाला दोन." तीन शेंगा गेल्या, तीन उरल्या. तिने उरलेल्यांवरून हात फिरवला. "अजून एक तास. दोन तास झाले एकूण. हो?"

"हो."

"म्हणजे तुझे भाऊजी मदतीला आले तर तासभर वाचतो म्हणायचं." आवाज चढवून, "ऐकलंत का हो?"

"आत्ता काही ऐकू येत नाही मला," आतून उत्तर आले.

त्या संध्याकाळी मी दोन चौकटी लिहिल्या. एक, ज्याच्या मनात साडेचार आले त्याच्यासाठी. दुसरी, 'एक' या शब्दापाशी. बाकी धड्याला मी हात लावला नाही.

शुक्रवारी बाईंनी चौकटी वाचल्या आणि मास्तरांकडे दिल्या. मास्तरांचा चेहरा पडला. "साडेचार?" ते म्हणाले. "असं कोण म्हणेल हो? दुसरा एकटाच तीनात करतोय हे डोळ्यांना दिसत नाही का?"

"मी म्हणते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मनात. हे उदाहरण कधीही समोर आलं की माझ्या मनात पहिल्यांदा साडेचारच येतं. अजूनही. मग मी ते कुणाला सांगत नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, जणू आजूबाजूच्या कोणावरच आता भरवसा उरला नव्हता.

मी म्हणालो, "बाई, हे माझं नाही. माझी बहीण अडली. मी तिच्याकडे बघून लिहिलंय. मला एकट्याला काही सुचलं नव्हतं."

"ते कळलं मला. पहिल्या चौकटीत तुम्ही लिहिलंय, 'भाऊजी मदतीला आल्यावर काम वाढते का?' पुस्तकात हे भाऊजी कोण, असं विचारणार होते मी."

मी जमिनीकडे पाहिले. जमीन, नेहमीप्रमाणे, दुभंगली नाही.

"खुर्ची सोडावी लागेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. "त्यावर आता न कळणारं माणूस बसेल. तुम्ही मागे बसा. लेखकाच्या जागी. मास्तरांना तिथे फार त्रास होतो, आणि त्यांच्या त्रासाचा आवाज येतो. अडकलेल्याकडे बघायचं, खूण करायची, आणि चौकट लिहायची. तोंड बंद ठेवता येतं ना तुम्हाला?"

ज्या प्रश्नाला 'हो' म्हणायची जगाने मला कधी संधी दिली नव्हती, तो हा. जन्मभर दुसरे काय केले होते मी? हो म्हणायला तोंड उघडले, आणि ताईचा मिटलेला चेहरा समोर आला.

"नाही," मी म्हणालो. "वाटतं तसं येत नाही. अडकतो मी त्यात."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत मुलाखतीच्या दिवशी होती तशी चमक होती की काय, हे मी भीतीने पाहिले नाही. "नेमकं कुठे?"

मी विचार करू लागलो. समोरच्याची दया येते म्हणून मी बोलतो, की तो थांबला की मलाच भीती वाटते म्हणून? की उत्तर आपल्याला येते, हे दाखवायची ही आयुष्यातली पहिलीच संधी असते म्हणून? तिन्ही खरे वाटत होते, आणि एकही पुरे पडत नव्हते. मी तसाच उभा राहिलो. बाई वाट पाहत होत्या, मीही.

"अहो, त्यात काय एवढं!" मास्तरांना राहवले नाही. "सोपं आहे—"

"मास्तर!" आम्ही दोघेही एकदमच म्हणालो.